काकांची मिलमंडळी

काका बहिरे होते, पण तसं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "माझ्या वाट्याचे आवाज संपले," असं ते सांगायचे. "मिलमंधी सगळे ऐकून झाले. आता काही शिल्लक न्हाई." आणि हे ते इतक्या मोठ्यानं सांगायचे की समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका वळून बघायच्या.

मी परतूरची. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली, तेव्हा पहिले काही महिने मी रोज रेल्वेनं ये-जा केली. गाडी वेळेवर आली तर रिक्षा मिळायची नाही, आणि रिक्षा मिळाली तर गाडीच उशिरा आलेली असायची. शेवटी कंटाळून जुन्या जालन्यात वरच्या मजल्यावरची एक खोली बघायला गेले. घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. "कोण, कुठली, काय करते, सगळं लिही. बोलू नको." मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून त्या वाचल्या, 'येउन'चं 'येऊन' केलं, आणि आतल्या दिशेनं ओरडले, "हिला द्या खोली. अक्षर सरळ आहे."

काकू बाहेर आल्या, माझ्याकडे बघून थकल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नको गं. ते रागावले न्हाईत. त्यांचं बोलणंच असं आहे."

काका-काकूंचं आपसातलं बोलणं दिव्यावर चालायचं. स्वयंपाकघरात एक बटण होतं आणि काकांच्या टेबलावर एक लाल बल्ब. एकदा लागला की जेवायला या, दोनदा लागला की कोणीतरी आलंय. आणि नुसताच लागत-विझत राहिला की काकू चिडल्यात. "इतकी वर्षं बोलून बोलून घसा गेला," काकू मला म्हणाल्या. "आता बटन दाबते. त्यांनापण बरं, मलापण बरं."

काकांची सगळी नोकरी सळईच्या मिलमध्ये गेली. लाल तापलेलं लोखंड दोन फिरत्या रोलांमधून जातं, मग पुढच्या दोनांमधून, असं करत करत त्याची सळई होते. त्या रोलांवर खाचा किती रुंद आणि किती खोल कापायच्या, हे काका ठरवायचे. मिल सुटली तरी नजर तीच राहिली. काकूंची चपाती ताटात पडली की ती उजेडापुढे धरायची. "डावीकडून जाड. लाटणं घासलंय तुमचं." काकू म्हणायच्या, "मंग मिलमंधीच जाऊन जेवा." काकांना ते ऐकू यायचं नाही, पण काय म्हटलं असेल ते बराबर कळायचं, आणि ते मुकाट्यानं चपाती मोडायचे.

लेकीनं पुण्याहून आणून दिलेलं कानाचं मशीन साखरेच्या डब्यामागं पडलेलं होतं. मी एकदा त्याबद्दल कागदावर लिहून विचारलं. काका म्हणाले, "त्याच्यात पंखा ऐकू येतो, चमचा ऐकू येतो, मी स्वतः खातो ते ऐकू येतं. माणूस सोडून बिलकुल सगळं ऐकू येतं."

माणूस मात्र त्यांना लागायचा, आणि तो मेलमधून यायचा.

फार वर्षांपूर्वी पुतण्याकडून त्यांनी एक मेलिंग लिस्ट सुरू करून घेतली होती. नाव 'मिलमंडळी'. व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो तसंच, फक्त मेलवर. एक ठरावीक पत्ता, त्या पत्त्यावर कोणी काही लिहिलं की ते मंडळीतल्या सगळ्यांना पोचायचं. जालन्यातले, रायपूरचे, पंजाबातले, भावनगरकडचे सळई मिलवाले त्यात होते. कोणी फोरमन, कोणी फिटर, कोणी इंजिनियर, बरेचसे निवृत्त. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं इंग्रजी, सगळं चालायचं. एकच गोष्ट चालायची नाही: खाली पूर्ण नाव, मिल आणि हुद्दा न लिहिणं. कोणी नुसता अंगठा पाठवला तर काका त्याला वेगळं लिहायचे, "आपला अंगठा पोचला. मजकूर कुठे आहे?"

मंडळीत आलेल्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ आपोआप जोडली जायची. काकांनीच लिहिलेली. 'वाया गेलेला माल पुन्हा वितळवता येतो. माणूस जपा.' पुतण्यानं सुरुवातीलाच ती अशी काही बसवून दिली होती की पत्र कोणाचंही असो, ओळ काकांची.

सकाळी चहा झाला की काका व्हरांड्यात बसून आलेली पत्रं मोठ्यानं वाचायचे. आपला आवाज किती चढतोय ते त्यांना कळायचं नाही. त्यामुळं गल्लीला सगळं माहीत. रायपूरला कोणाचा रोल तडकला, भावनगरला कोणाच्या भट्टीचं अस्तर पडलं, पंजाबात कोणाची पोरगी पास झाली. गिरणीवाला मला एकदा गंभीरपणे म्हणाला, "ताई, ते रायपूरवाले रोलवर पाणी कमी सोडून राह्यले. काकांचं त्यांना ऐकायला पाहिजे."

रायपूरवाले हे काकांचे सगळ्यात जुने मित्र. दोघांची कधी भेट झाली नव्हती. फोनवर बोलणंही नाही, कारण त्यांचेही आवाज संपत आले होते. पण इतकी वर्षं एक आठवडा असा गेला नसेल की दोघं कशावरून तरी भांडले नाहीत. रोल थंड ठेवायला पाणी किती, चहात साखर किती, पोरांना मिलमध्ये घालावं की नाही. काका चिडून उत्तर लिहायला बसले की काकू म्हणायच्या, "आज तब्येत चांगली दिसते."

मी त्यांना सुचवून पाहिलं होतं की आता सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, तुम्हीही या. ते म्हणाले, "गेल्तो. तिथं लोकं बोलतात. बटन दाबून बोलतात आणि पाठवून देतात. मी काय ते बघत बसू?"

तर पंजाबातल्या एका मिलमध्ये अपघात झाला. धावती लाल सळई वाट सोडून उसळली आणि एका कामगाराच्या मांडीवर गेली. ती सळई अडवायला पुढं लोखंडी जाळी असते. त्या दिवशी ती काढून ठेवलेली होती. तिथल्या फोरमननं मंडळीत कळवलं. हळहळ व्यक्त करणारी पत्रं आली. मग रायपूरवाल्यांचं आलं: 'जाली लेबर ने ही हटाई होगी। लापरवाही का यही नतीजा है।'

काकांनी ते वाचलं आणि मधेच थांबले. त्या दिवशी उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. पण मीही तोवर मंडळीत होते, काकांनीच घातलं होतं, म्हणून मला ते दिसलं. 'लेबर अपने मन से जाली नहीं हटाता। माल जल्दी निकालने को कौन बोलता है, वह लिखो। जिसको इतना भी नहीं समझता, ऐसे आदमी को इस मंडली में क्यों रहना चाहिए?' खाली पूर्ण नाव, मिल, हुद्दा. आणि त्याखाली माणूस जपायची ती ओळ.

रायपूरवाल्यांचं त्यावर काही आलं नाही.

पण इतरांना जोर चढला. विशेषतः एका मोठ्या स्टील कंपनीतल्या तरुण इंजिनियरला. तो काकांच्या बाजूनं होता. जाळी कशी असावी, कुठं बांधावी, न काढता येईल अशी कशी करावी, यावर तो रोज सकाळी एक लांब पत्र लिहायचा, आकृत्यांसकट. काका खूश होते. "हुशार आहे पोरगं," म्हणायचे. त्याचं पत्र मात्र मला एकदाही दिसलं नाही. मला वाटलं, काका ते वेगळं मागवून घेत असतील. खरं सांगायचं तर मी त्याचा विचारच केला नाही. दिवसभर ऑफिसात लोकांच्या मेलच्या अडचणी सोडवायच्या आणि घरी येऊन पुन्हा मेल बघायचे, इतका जीव माझ्यात उरलेला नसायचा.

मग काकांकडे इंग्रजी नोटिसा येऊ लागल्या. अमुक सदस्य मंडळीतून कमी झाला. तमुक कमी झाला. एका आठवड्यात मंडळीतले निम्म्याहून जास्त लोक गेले. त्यात रायपूरवालेही होते.

काकांनी कोणाला काही सांगितलं नाही. सकाळचं वाचन बंद झालं. व्हरांड्यात बसायचे, पण हातात काही नसायचं. गिरणीवाल्यानं हातानंच 'काय झालं' विचारलं तर काका म्हणाले, "गेले सगळे. बराबर आहे. मी बोललोच तसं." हे मात्र ते हळू म्हणाले. कसं जमलं कोणास ठाऊक.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. चपाती जाड आली तरी काका काही म्हणेनात. उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी काकू धापा टाकत जिना चढून माझ्याकडे आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या कधी वर यायच्या नाहीत.

"तुझं काम तेच आहे ना गं? मेलचं?"

"हो काकू."

"मंग एकदा बघ ना त्यांचं काय झालंय. भांडायलापण कोणी राह्यलं न्हाई त्यांना. मी किती भांडू?"

खाली गेले. काका कॉम्प्युटरपुढून उठले आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, "बघ. पण काही नीट करायचं न्हाई. लोकं आपल्या मर्जीनं गेलेत. त्यांना ओढून आणायचं न्हाई."

पुतण्याकडून पासवर्ड मागवून मी मंडळीच्या सर्व्हरवर काय काय नोंदलं गेलंय ते बघितलं. नाकारलेल्या पत्रांचा ढीग होता. ती सगळी पत्रं एकाच माणसाची, त्या हुशार इंजिनियरची. आणि परत आली होती ती सगळी मोठ्या मेल कंपन्यांकडून, जिथं आपल्यापैकी बहुतेकांचे फुकटचे पत्ते असतात. माझाही तिथलाच.

मला पाचेक मिनिटांत कळलं. कळल्यावर आनंद झाला नाही. दमायलाच झालं. कारण यात कोणाची चूक म्हणावी अशी नव्हती, आणि तसं असलं की समजावून सांगणं फार जड जातं.

मी कागद घेतला आणि काकांसाठी लिहायला बसले. हल्ली चोर लोक मोठ्या कंपन्यांच्या नावानं खोटे मेल पाठवतात. म्हणून त्या पोराच्या कंपनीनं एक नियम लावला. सगळ्या मेलवाल्यांना कळवून टाकलं की आमच्या नावानं आलेलं पत्र एकतर थेट आमच्या सर्व्हरवरून आलेलं पाहिजे, नाहीतर त्यावरची आमची सही, म्हणजे कॉम्प्युटरची सही, अखंड पाहिजे. दोन्ही नसेल तर पत्र घेऊ नका, फेकून द्या.

काकांनी वाचलं. "बराबर आहे. मंग?"

मी पुढं लिहिलं. आपल्या मंडळीत काय होतं? त्याचं पत्र आधी मंडळीकडे येतं. मंडळीचा सर्व्हर ते सगळ्यांना पाठवतो. म्हणजे ते थेट त्याच्या कंपनीकडून गेलं नाही. आणि पाठवताना आपण विषयाआधी 'मिलमंडळी' लिहितो आणि खाली तुमची ओळ जोडतो. मजकूर बदलला की सही मोडते.

"माझी ओळ खोटी आहे का?"

"नाही काका. पण त्यांना वाटतं, मधे कोणीतरी पत्र उघडून त्यात लिहिलं."

माझ्या ओठांवरून त्यांना ते कळलं असावं. "लिहिलंच की," ते म्हणाले. "मीच लिहिलं."

आणि मग शेवटचं, जे लिहायला मला जड जात होतं. पत्र परत आलं की आपल्या सर्व्हरला वाटतं, ज्याला पाठवलं त्याचाच पत्ता बंद पडलाय. असं पुन्हा पुन्हा झालं की तो त्या माणसाला मंडळीतून काढून टाकतो. त्या पोरानं आठवडाभर रोज लिहिलं. रोज सगळ्यांकडून परत आलं. सर्व्हरनं सगळ्यांना काढलं. माझंही नाव त्यात होतं. मलाही नोटीस आली असणार, मी ती न वाचताच पुसली असणार. ज्या थोड्यांच्या मेलवाल्यांनी हा नियम पाळला नाही ते राहिले. तुमचा पत्ता मंडळीच्याच सर्व्हरवरचा, म्हणून तुम्हाला त्याची पत्रं व्यवस्थित पोचत राहिली.

काकांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"म्हणजे ते गेले न्हाईत?"

मी 'नाही' अशी मान हलवली.

"कोणीच न्हाई?"

"कोणीच नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता काका सुटल्यासारखे हसतील. पण त्यांनी विचारलं, "त्यांना काढलं ते कोणी सांगितलं त्यांना?"

सर्व्हर नोटीस पाठवतो, मी लिहिलं. आणि ती नोटीस उघडून दाखवली. इंग्रजीत चार ओळी: आपलं सदस्यत्व संपवण्यात आलं आहे. खाली, पुतण्यानं कधीकाळी बसवलेलं, काकांचं पूर्ण नाव, मिल आणि हुद्दा.

काकांनी आपलं नाव दोनदा वाचलं. "त्या रायपूरवाल्याला हे आलं?"

"हो."

"मी तसं लिहिल्यावर?"

"त्याच आठवड्यात."

ते उठले, व्हरांड्यात गेले आणि उभे राहिले. मग तिथूनच ओरडले, "त्या पोराला सांगू नको. त्याला वाटंल, त्याच्यामुळं झालं."

दुसऱ्या रविवारी आम्ही दुरुस्तीला बसलो. दोन रस्ते होते. एक म्हणजे यापुढं प्रत्येक पत्र लिहिणाऱ्याच्या पत्त्याऐवजी मंडळीच्या पत्त्यावरून जाईल. हल्ली बहुतेक ठिकाणी असंच करतात, सोपं आहे. मी लिहून दाखवल्याबरोबर काकांनी मान हलवली. "पत्र त्यानं लिहायचं आणि पत्ता आपला लावायचा? हे तर त्या चोरांसारखंच झालं."

मी लिहिलं, नाव त्याचंच दिसेल, फक्त पत्ता मंडळीचा.

"न्हाई. ज्यानं लिहिलं त्याच्याकडूनच आलं पाहिजे."

मग दुसरा रस्ता. पत्राला हातच लावायचा नाही. विषयाआधी 'मिलमंडळी' नाही, खाली ओळ नाही. जसं आलं तसं पुढं. मग सही मोडणार नाही. मी हे लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. ती ओळ त्यांना किती प्रिय होती ते घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काढ," म्हणाले.

"काका, नक्की?"

"काढ ना जल्दी. इतकी वर्षं रोज वाचली लोकांनी. कळायचं त्याला कळलं असंल."

मी ती ओळ पुसली. एका बटणाचं काम. मंडळीत रीतसर पुन्हा जाणारी मी पहिली. मग काढलेल्या बाकी सगळ्यांना एका दमात पुन्हा घालू का, म्हणून विचारलं. तेही दोन मिनिटांचं काम होतं. काका नाही म्हणाले. "काढलं माझ्या नावानं. मंग बोलवायचंपण मीच. एकेकाला."

आणि ते एकेकाला लिहायला बसले, एका बोटानं. काय झालं ते थोडक्यात, माफी, आणि यायचं असेल तर या. प्रत्येकाला वेगळं, त्याच्या शेवटच्या पत्रात काय होतं ते आठवून. कोणाच्या आईचं ऑपरेशन, कोणाच्या रोलचा प्रश्न. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. वर माझ्या खोलीत पंख्याचा गरम वारा, खाली त्यांचं एका बोटाचं टकटक. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या पेट्या उघडून द्यायची, आणि घरी आले की काका विचारायचे, "आज कोणाचं आलं का बघ." एखाद्या मेल कंपनीनं पत्र अडवलं की तिच्याशी मी वाद घालायची. वाद कसला, फॉर्म भरायचे आणि उत्तर येत नाही हे बघायचं.

उत्तरं आली, पण काकांना वाटलं होतं तशी नाही. काहींना आपण मंडळीतून कमी झालो हे कळलंच नव्हतं. एकानं लिहिलं, 'काका, मला वाटलं होतं हल्ली कोणी लिहीत नाही.' एकानं मिल सोडून फरसाणचं दुकान टाकलं होतं. दोघा-तिघांनी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं आमंत्रण पाठवलं. पुष्कळांनी काहीच लिहिलं नाही. ज्याच्यासाठी काकांनी इतके महिने मान खाली घातली होती, ते बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नव्हतं. हे त्यांना टोचलं असणार. म्हणाले एवढंच, "लोकं थकलीत, बेटा. आपणपण थकलो."

रायपूरवाल्यांना त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिलं. चार वेळा लिहून पुसलं. पाचव्यांदा नुसतं काय घडलं ते लिहिलं आणि पाठवून दिलं. आठवडे गेले. काका विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही.

उत्तर आलं ते पेरण्यांच्या दिवसांत. आमच्या कंपनीत तेव्हा मरणाची गडबड असते, विक्रेत्यांचे फोन दिवसभर. मी घरी आले तर काका कॉम्प्युटरपुढं बसलेले आणि टेबलावरचा लाल बल्ब लागत-विझत होता. काकू आतून बटण दाबून दाबून कंटाळल्या होत्या. काका उठत नव्हते. मला बघून त्यांनी खुर्ची बाजूला केली.

'मैंने समझा आपने निकाल दिया। बुरा लगा। फिर पंजाब में फोन करवाया। जाली मैनेजर ने हटवाई थी। आप ठीक कहते थे। तो सोचा, निकालना भी ठीक होगा। इसलिए कुछ पूछा नहीं।'

मी वाचलं. बल्ब विझला, काकू जिकिरीला येऊन बाहेर आल्या, आमच्याकडे बघून पुन्हा आत गेल्या.

"बघ," काका म्हणाले. "मशीननं काढलं, आणि हा माणूस इतके महिने शिक्षा भोगून राह्यला. आता काय लिहू याला?"

मी कागद ओढला आणि लिहिलं, खरं असेल ते.

ते टाइप करायला लागले. मी उठून जाणार होते, त्यांनी हातानं थांबवलं. बराच वेळ लागला. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

'मैंने नहीं निकाला। मशीन ने मेरा नाम लगाकर निकाला। पर उस दिन गुस्सा मैंने ही किया था। वह मशीन का नहीं था। वापस आ जाइए।'

खाली पूर्ण नाव, मिल, हुद्दा.

रायपूरवाले आले. पहिल्याच पत्रात रोलवरच्या पाण्यावरून त्यांनी काकांना मूर्खात काढलं. काकांनी दुपारची झोप सोडून उत्तर लिहिलं. काकूंनी मला खूण केली, कपाळाला हात लावून, पण चेहरा बरा होता.

मंडळी पूर्वीसारखी मात्र कधी झाली नाही. मूठभर लोक राहिले. पुढं काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं आणि लेक दोघांनाही पुण्याला घेऊन गेली. जालन्याचं घर विकलं नाही, पण बंद आहे. मी एमआयडीसीच्या जवळ दुसरीकडे राहते. काकांची पत्रं येतात. पुण्यातल्या चपात्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

मागच्या हंगामात आमच्याच कंपनीच्या नावानं कोणीतरी खोटे मेल पाठवले. विक्रेत्यांना आगाऊ बुकिंगचे पैसे दुसऱ्याच खात्यात भरायला सांगितलं, आणि शहागडच्या एकानं भरलेही. तो माणूस ऑफिसात येऊन माझ्यासमोर रडला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तो कडक नियम आपल्यालाही लावून टाका, या आठवड्यातच. मी हो म्हटलं. लावायलाच पाहिजे होता.

त्या रविवारी मी काकांना लिहिलं. सल्ला मागायला असं नाही, सांगावंसं वाटलं. उत्तर लगेच आलं.

'लाव. चोर लोक आहेत, दार उघडं ठेवून कसं चालेल. पण लावायच्या आधी आपल्यातला कोण कोण बाहेर कुठं लिहितो, ते प्रत्येकाला जाऊन विचार. मेल पाठवू नको. जाऊन विचार.'

मी सोमवारी विचारत निघाले. हिशेब विभाग, विक्री, गोदाम. बहुतेकांना प्रश्नच कळला नाही. काही हसले. सगळ्यात शेवटी मागच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं आमचे एक जुने शास्त्रज्ञ बसतात, निवृत्तीला आलेले. ज्वारीच्या जुन्या वाणांवर काम करतात, कोणाशी फारसे बोलत नाहीत. त्यांनी दोनदा प्रश्न विचारायला लावला आणि मग म्हणाले, हो, आहे ना, जुन्या बियाण्यांची एक मेलिंग लिस्ट आहे, कर्नाटकातले एक जण चालवतात, मी रोज लिहितो, ऑफिसच्याच पत्त्यावरून.

मी स्टूल ओढून बसले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. सही, सर्व्हर, परत जाणारी पत्रं, कमी होणारी माणसं. त्यांनी हातातली कणसं खाली ठेवली.

"म्हणजे मी लिहीत राहीन आणि ते कोणाला पोचणार नाही. आणि त्यापायी त्या लोकांनाच काढून टाकतील?"

"हो सर."

"आणि हे मला कसं कळणार?"

"कळणार नाही," मी म्हटलं. "म्हणून तर सांगायला आले."